गायीचं पोट, गोबरगॅसचं पोट

गोठा टाकणाऱ्यांचे फोन येतात. पहिला प्रश्न ठरलेला: "गाय किती लिटरची घेऊ?" मी विचारतो, शेणात हात घालायची तयारी आहे का? निम्मे तिथेच गप्प होतात.

मी बी.कॉम. झालेला. संगमनेर तालुक्यात 4 एचएफ (होल्स्टीन, जास्त दुधाच्या विदेशी जातीच्या) गायींवर सुरुवात केली. मुरघास (हवाबंद आंबवलेला हिरवा चारा), गोळी पेंड, मिनरल मिक्श्चर तुम्हाला माहीत असेलच, त्यात शिरत नाही. मी जिथे आपटलो तेवढंच सांगतो.

चंद्री व्यायली आणि आठवड्यात 18 लिटरवर आली. खुराकाचं (पेंड, भरडा वगैरे खाद्याचं) गणित सगळ्यांना पाठ असतं: शरीराला दीड किलो, वर लिटरमागे 400 ग्रॅम. म्हणजे 8.7 किलो. भाकड असताना ती 2 किलोवर होती. मी तिला तीन दिवसांत पावणेनऊ किलोवर नेलं, त्यात निम्मा मका भरडा, आणि तोही दोनच वेळा, धारेला. गणितात चूक नव्हती, घाई होती.

आधी दूध वाढलं. मी खूश. मग दुधाची फॅट 3.9 टक्क्यांवरून 2.8 वर. संकलन केंद्रावर जाऊन मशीनवरून भांडलो, दोनदा. आजही त्या पोराला तोंड दाखवताना लाज वाटते, मशीन बरोबरच होतं. घरी आत्या गोठ्यात आली, नाक मुरडलं आणि म्हणाली, "बाळा, हिच्या शेणाला आंबूस वास येतोय." शेण पातळ, राखाडी, वर बुडबुडे. तिने ओंजळभर शेण धान्याच्या चाळणीत टाकून नळाखाली धरलं. पाणी गेल्यावर चाळणीत राहिले मक्याचे पिवळे तुकडे, जसेच्या तसे, आणि न पचलेल्या काड्या. 30 रुपये किलोचा भरडा उकिरड्यावर चालला होता.

हे नीट समजून घ्या, कारण इथेच सगळे फसतात. गाय स्वतः चारा पचवत नाही, तिच्या मोठ्या पोटातले जिवाणू पचवतात. आपण जिवाणूंना जेवू घालतो. वैरण पचवणारे वेगळे, पिष्ट (स्टार्च) पचवणारे वेगळे, आणि ही वस्ती एका रात्रीत बदलत नाही. भरडा एकदम ओतला की तो झपाट्याने आंबतो, आम्ल साठतं. गायीकडे त्यावर उतारा आहे: लाळ. दिवसाला 100 लिटरच्या वर लाळ तयार होते आणि तिच्यात खायचा सोडाच असतो. पण लाळ सुटते चघळताना. भरडा चघळावा लागत नाही, आणि मी तर वैरणीची कुट्टीही पिठासारखी बारीक करत होतो, वाया जाऊ नये म्हणून. पोटातला सामू (पीएच; आम्ल वाढलं की तो उतरतो) 6 च्या खाली गेला की वैरण पचवणारे जिवाणू मागे पडतात. दुधातली फॅट बरीचशी त्यांच्याच कामातून येते, म्हणून ती आधी पडते. खुरं दुखायला लागतात ती नंतर, काही आठवड्यांनी. तोवर आपण कारण विसरलेले असतो.

तर खुराक दिवसाला पाव-अर्धा किलोने वाढवा, दोन आठवडे लागू द्या, आणि तीन-चार वेळा विभागून द्या. गव्हाणीत आधी वैरण. सोडा किती द्यायचा ते डॉक्टरांना विचारा, पण सोड्याच्या जिवावर भरडा वाढवू नका. आणि ती "आठ दिवसांत दोन लिटर दूध वाढेल" वाली बाटली घेऊन येणाऱ्याला चहा पाजा अन् वाटेला लावा. गुरू करायचाच असेल तर दुपारी त्याच्या गोठ्यात जा. बसलेल्या गायींपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करत असतील तर माणूस कामाचा. फेसबुकवर त्याचे किती फॉलोअर आहेत ते गायीला माहीत नसतं.

घाबरू नका. चंद्री तीन आठवड्यांत सावरली, पुढे आणखी दोन वेतं दिली.

मी मात्र सुधारलो नव्हतो. उरलेला भरडा आणि बुरशी लागलेला मुरघास जनावराला घालणं धोक्याचं, म्हणून सगळा गोबरगॅसमध्ये लोटला. 2 घनमीटरचा प्लांट, रोज 50 किलो शेण आणि तेवढंच पाणी खाणारा. म्हटलं, जास्त खाईल तर जास्त गॅस देईल. चौथ्या दिवशी टाकी फुगलेली, पण शेगडी पेटेना. काडी लावली की भक् करून विझायची. वास तोच, आंबूस. टाकीत आम्ल साठलं, मिथेन (जळणारा वायू) करणारे जिवाणू ठप्प झाले, आणि शेगडीला नुसता कार्बन डायऑक्साइड येत होता. आत्याने झाकणाकडे बघून विचारलं, "हिलाही मका घातलास?"

भरणा बंद केला. शेजाऱ्याच्या चालू प्लांटमधली 10 बादल्या स्लरी (आंबलेला शेणकाला) आणून ओतली, मग थोडं थोडं ताजं शेण. उकिरड्याचे धडे वेगळे आहेत, पण एक सांगून ठेवतो: कच्चं शेण उसात टाकू नका, हुमणी (मुळं खाणारी अळी) घरी आणाल. शेणखताचा खड्डा उलथत राहा, मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी निथळू नये इतकीच ओल ठेवा.

अठराव्या दिवशी शेगडी निळी पेटली. आत्याने त्यावर पहिला चहा केला, चंद्रीच्या दुधाचा. त्या दिवशी फॅट 3.8 लागली होती.