होम थिएटरसाठी ब्ल्यू-रे प्लेअर कसा निवडावा

होम थिएटर उभारताना बहुतेकांचा पैसा आणि अभ्यास टीव्ही व स्पीकरवर खर्च होतो आणि डिस्क प्लेअर ‘कोणताही चालेल’ म्हणून सर्वांत शेवटी घेतला जातो. शेवटी घेण्याचा क्रम योग्यच आहे, कारण प्लेअरची निवड घरातला पडदा, रिसीव्हर (स्पीकरना आवाज पुरवणारे यंत्र) आणि कपाटातल्या डिस्क यांवरून ठरते. पण कोणताही चालेल, हे मात्र खरे नाही.

घरात वेगवान इंटरनेट असताना डिस्क कशासाठी, याचे उत्तर आकड्यांत आहे. ४के (साध्या एचडीच्या चौपट बारकाव्यांच्या) चित्राच्या स्ट्रीमिंगला साधारण १५ ते २५ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) इतका माहितीचा वेग मिळतो, तर २०१६ मध्ये बाजारात आलेल्या अल्ट्रा एचडी ब्ल्यू-रे, म्हणजे ४के चित्राच्या, डिस्कवरून तो कमाल १२८ एमबीपीएसपर्यंत जातो. धुके, धूर, पाऊस किंवा काळोखातले प्रसंग पाहताना हा फरक मोठ्या पडद्यावर स्पष्ट दिसतो. आवाजाच्या बाबतीत तो मला अधिकच महत्त्वाचा वाटतो, कारण स्ट्रीमिंगवरचा डॉल्बी अ‍ॅटमॉस (चहूबाजूंनी आणि वरूनही आवाज देणारी पद्धत) काटछाट करून आकुंचित केलेला असतो आणि डिस्कवरचा ट्रू-एचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ मूळ ध्वनिमुद्रणातले काहीही न गाळता येतो.

पहिला निर्णय साधा ब्ल्यू-रे की अल्ट्रा एचडी, हा. साधी डिस्क २५ किंवा ५० जीबीची आणि १०८० रेषांची असते. अल्ट्रा एचडी डिस्क प्रामुख्याने ६६ किंवा १०० जीबीची असते आणि ती साध्या प्लेअरमध्ये चालत नाही. उलट अल्ट्रा एचडी प्लेअर साधी ब्ल्यू-रे आणि डीव्हीडी दोन्ही चालवतो. टीव्ही ४के असेल तर आज साधा प्लेअर घेण्यात मला अर्थ दिसत नाही, कारण उत्पादक कमी होत चालले आहेत: ओप्पोने २०१८ मध्ये या व्यवसायातून अंग काढून घेतले आणि त्यानंतर सॅमसंग व एलजीनेही प्लेअर बनवणे थांबवले. आता मुख्यतः पॅनासॉनिक आणि सोनी यांच्यातूनच निवड करायची आहे. घरात डिस्कचा कप्पा असलेला पीएस ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स हा गेम कन्सोल असेल, तर त्यावरही अल्ट्रा एचडी डिस्क चालते. मात्र डिस्कसाठी डॉल्बी व्हिजन (पुढे येणाऱ्या एचडीआरचा एक प्रकार) त्यांत मिळत नाही. पीएस ४ वर, अगदी त्याच्या प्रो आवृत्तीवरही, ही डिस्क चालत नाही.

यानंतर पाहायचा तो एचडीआर, म्हणजे उजेड आणि काळोख यांतली मोठी तफावत दाखवणारी चित्रपद्धत. एचडीआर १० प्रत्येक अल्ट्रा एचडी प्लेअरमध्ये असतोच. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर १०+ हे ऐच्छिक आहेत. सॅमसंगचे टीव्ही डॉल्बी व्हिजन दाखवत नाहीत आणि एलजीचे टीव्ही एचडीआर १०+ दाखवत नाहीत, म्हणून जो प्रकार आपल्या पडद्याला कळतच नाही त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

प्रोजेक्टर वापरणाऱ्यांनी येथे अधिक बारकाईने पाहावे. चित्राची प्रखरता निट या एककात मोजतात. अनेक चित्रपटांच्या डिस्क १००० निट, तर काही ४००० निट प्रखरता गृहीत धरून तयार केलेल्या असतात. घरगुती प्रोजेक्टरच्या पडद्यावर मात्र बहुधा १०० निटही पोहोचत नाहीत. एवढा उजेड तेवढ्याशा कुवतीत बसवण्याच्या प्रक्रियेला टोन मॅपिंग म्हणतात. ती नीट झाली नाही, तर संपूर्ण चित्र काळवंडते किंवा ढगांमधले बारकावे पांढऱ्या पट्ट्यात हरवतात. पॅनासॉनिकच्या डीपी-यूबी८२० मध्ये पडदा ओएलईडी आहे, एलसीडी आहे की प्रोजेक्टर, हे मेन्यूत सांगता येते आणि त्यानुसार प्लेअरच हा हिशेब करतो. प्रोजेक्टर असलेल्या घरात जास्तीचा पैसा खर्च करण्यासारखी जागा हीच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आवाजासाठी रिसीव्हरकडे पाहा. तो जुना असून ४के चित्र पुढे पाठवू शकत नसेल, तर दोन एचडीएमआय आउटपुट असलेला प्लेअर घ्यावा. एका केबलने चित्र थेट टीव्हीला आणि दुसरीने आवाज रिसीव्हरला देता येतो, आणि चांगला चाललेला रिसीव्हर बदलावा लागत नाही. प्लेअर टीव्हीला जोडून तिथून साउंडबारला आवाज नेणार असाल, तर दोन्हीकडे ई-आर्क (टीव्हीतून एचडीएमआय केबलने आवाज बाहेर पाठवण्याच्या ‘आर्क’ या सोयीची सुधारित आवृत्ती) असल्याची खात्री करा, कारण साध्या आर्कमधून ट्रू-एचडी जात नाही. एसएसीडीचा (उच्च दर्जाच्या संगीताच्या सुपर ऑडिओ सीडीचा) संग्रह असणाऱ्यांनी सोनीच्या यूबीपी-एक्स८००एम२ चा विचार करावा. ती सोय यूबी८२० मध्ये नाही. या सोनीवर डॉल्बी व्हिजन मात्र डिस्कनुसार मेन्यूतून स्वतः चालू-बंद करावे लागते.

भारतात पर्याय मोजके असल्यामुळे अनेक जण अमेरिकेतल्या मुलाला किंवा भावाला प्लेअर आणायला सांगतात. आणण्यापूर्वी त्यांना यंत्राच्या मागच्या पट्टीचा फोटो पाठवायला सांगा. तिथे फक्त १२० व्होल्ट लिहिले असेल, तर आपल्या २३० व्होल्टवर ते यंत्र थेट लावता येणार नाही. दुसरी अडचण रीजनची, म्हणजे डिस्क ठरावीक देशांच्या गटातल्या प्लेअरवरच चालण्याच्या बंधनाची आहे. अल्ट्रा एचडी डिस्कला रीजनचे बंधन नसते. पण साध्या ब्ल्यू-रेसाठी अमेरिका ‘ए’ आणि भारत ‘सी’ गटात येतो, तर डीव्हीडीसाठी अमेरिका १ आणि भारत ५ क्रमांकावर आहे. शिवाय आपल्याकडच्या अनेक डीव्हीडी पाल या (अमेरिकेपेक्षा वेगळ्या) टीव्ही पद्धतीच्या असतात आणि तिकडचे प्लेअर त्या चालवतीलच असे नाही. मराठी नाटकांच्या आणि जुन्या चित्रपटांच्या व्हीसीडी ज्यांनी जपून ठेवल्या आहेत, त्यांनी प्लेअरच्या माहितीपत्रकातील फॉरमॅटच्या यादीत व्हीसीडीचा स्पष्ट उल्लेख आहे का, हे आधी पाहावे. नसेल तर जुना डीव्हीडी प्लेअर मोडीत काढू नये.

प्लेअर घरी आल्यावर दोन गोष्टी हाताने बदलाव्या लागतात, आणि त्या न केल्यामुळे उत्तम यंत्रही सामान्य वाटते. टीव्हीच्या मेन्यूत संबंधित एचडीएमआय पोर्टसाठी ‘एन्हान्स्ड’, ‘डीप कलर’ किंवा ‘इनपुट सिग्नल प्लस’ यांसारखा पर्याय असतो. तो चालू केल्याशिवाय अनेक टीव्ही एचडीआर पूर्णपणे स्वीकारत नाहीत. प्लेअरच्या मेन्यूत डिजिटल आवाज ‘बिटस्ट्रीम’वर (म्हणजे न उलगडता जसाच्या तसा रिसीव्हरला पाठवण्यावर) ठेवून ‘सेकंडरी ऑडिओ’ किंवा ‘बीडी ऑडिओ मिक्स’ बंद करावे. हा पर्याय चालू राहिला, तर मेन्यूतले आवाज मुख्य आवाजात मिसळण्यासाठी प्लेअर मूळ ध्वनी उलगडून पुन्हा बांधतो, आणि अ‍ॅटमॉसची डिस्क लावूनही रिसीव्हरच्या पट्टीवर नुसते ‘डॉल्बी डिजिटल’ उमटते.

परत करण्याची मुदत संपण्याच्या आत १०० जीबीची एखादी डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून पाहा. या डिस्कमध्ये तीन थर असतात आणि एका थरावरून दुसऱ्या थरावर जाताना दुबळे यंत्र अडखळते, म्हणून पहिली दहा मिनिटे पाहून समाधान मानू नये. चित्र थांबलेच, तर आधी डिस्कवर बोटांचे ठसे आहेत का ते पाहून मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा आणि तोच प्रसंग पुन्हा लावा. पुन्हा त्याच ठिकाणी अडकले, तर दुसरी मोठी डिस्क लावून पाहा, आणि तीही अडकली तर प्लेअर बदलून मागा.