ओळखीचे शब्द, अनोळखी वाक्यं

पहिल्या सत्रातल्या एका लेखाची झेरॉक्स मी अजून जपून ठेवली आहे. पानं अठरा. पहिल्या पानावर छापील ओळींच्या डोक्यावर पेन्सिलीने लिहिलेल्या बारीक ओळी आहेत, मराठी अर्थांच्या. पान दुमजली दिसतं. त्या एका पानाला मला सव्वादोन तास लागले होते आणि एवढं करून लेखिकेचं म्हणणं काय, असं कुणी विचारलं असतं तर एक वाक्य धड सांगता आलं नसतं.

माझं इंग्रजी वाईट नव्हतं. शाळेत मार्क चांगले पडायचे, काळ आणि प्रयोग पाठ होते. पण शाळेत दीड पानाचा धडा आम्ही आठवडाभर शिकायचो. बाई प्रत्येक ओळीचा अर्थ सांगायच्या, खाली प्रश्नोत्तरं तयार असायची. विद्यापीठात आठवड्याला साठ-सत्तर पानं वाचून यायचं आणि वर्गात थेट चर्चा. अर्थ कुणी सांगत नाही. सगळ्यांना तो कळलेला आहे असं धरूनच तास सुरू होतो. (सगळ्यांना कळलेला नसतो, हे मला दुसऱ्या सत्रात समजलं. गप्प बसणाऱ्यांत मी एकटी नव्हते.)

त्याच लेखावर माझं पहिलं सेमिनार होतं. त्यात एक वाक्य होतं: ‘फ्यू स्टडीज हॅव एक्झॅमिन्ड धिस क्वेश्चन.’ मी सांगितलं, ‘या प्रश्नाचा काही अभ्यासकांनी विचार केला आहे,’ आणि पुढची पाच मिनिटं त्या ‘काही अभ्यासकां’बद्दल बोलत राहिले. सरांनी शांतपणे विचारलं, ‘तसं असेल तर लेखिकेने हा लेख लिहायचा खटाटोप कशाला केला?’ मला उत्तर देता येईना. ‘अ फ्यू’ म्हणजे काही. नुसतं ‘फ्यू’ म्हणजे फारच थोडे, जवळजवळ नाहीतच. त्या एका ‘अ’पायी मी लेख उलटा करून सांगितला होता.

खोलीवर येऊन ती झेरॉक्स काढली. त्या वाक्यावर पेन्सिलीचं एकही अक्षर नव्हतं. मी डिक्शनरीत लांबलचक शब्द बघितले होते, ‘फ्यू’ कशाला बघेन? तो तर पाचवीपासून येतो. तिथून माझ्या वाचनाची दिशा बदलली. मला अडवत होते ते अवघड शब्द कमी आणि येतात असं वाटणारे शब्द जास्त.

वहीच्या शेवटच्या पानावर मी एक यादी सुरू केली आणि तिला नाव दिलं ‘ओळखीचे चोर’. ‘हार्डली’चा अर्थ मी कष्टाने असा लावायचे, तो आहे जेमतेम, क्वचितच. ‘वाइल’ म्हणजे ‘त्या वेळी’ एवढंच माहीत होतं, पण लेखांमध्ये तो बऱ्याचदा ‘एकीकडे असं, तर दुसरीकडे तसं’ या अर्थाने येतो. ‘सिन्स’ म्हणजे पासून, हे पाठ. तोच ‘ज्या अर्थी’ असाही असतो. ‘धिस सजेस्ट्स’ आलं की लेखक कुणाला तरी काहीतरी सुचवतोय असं मी धरायचे. खरं तर ‘यावरून असं दिसतं’ एवढंच तो म्हणत असतो, तेही हातचं राखून. ‘लेट अलोन’ने मला दोन दिवस छळलं. कुणाला एकटं सोडायचंय? मग एकदा झटकन लक्षात आलं की हे तर आपलं ‘ते तर सोडाच’. त्या दिवशी झालेला आनंद परीक्षेतल्या मार्कांनीही झाला नसेल.

ही यादी तुम्हीही करा, पण दुसऱ्याची उतरवून घेऊ नका. प्रत्येकाचे चोर वेगळे असतात.

शब्दांनंतर वाक्यं. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नामाचं वर्णन नामाच्या आधी. त्यामुळे डोक्यातल्या डोक्यात भाषांतर करणाऱ्याला इंग्रजी वाक्य शेवटापासून मागे ओढत आणावं लागतं. छोट्या वाक्यात हे निभतं. पण असं वाक्य घ्या: ‘द क्लेम दॅट रीडिंग इन अ सेकंड लँग्वेज इज ओन्ली स्लोअर रीडिंग हॅज बीन वाइडली क्रिटिसाइज्ड.’ मी ‘इज ओन्ली स्लोअर रीडिंग’पर्यंत पोहोचायचे आणि दमून तिथेच मनात पूर्णविराम द्यायचे. लेखकाचं मत कळलं! पुढचं ‘हॅज बीन’ लोंबकळत राहायचं. मराठीत हेच ‘दुसऱ्या भाषेतलं वाचन म्हणजे फक्त संथ वाचन, या दाव्यावर बरीच टीका झाली आहे’ असं येतं. आधी दाव्यातला मजकूर, मग ‘दावा’ हा शब्द, मग त्याचं काय झालं ते. इंग्रजीत ‘द क्लेम’ आधी हातात देतात आणि त्याचं पुढे काय झालं हे सांगेपर्यंत तुम्ही तो धरून ठेवायचा.

यावर मला उपयोगी पडलेली युक्ती अगदी साधी आहे. पेन्सिल घेऊन आधी वाक्याचा कर्ता शोधायचा, मग त्याचं मुख्य क्रियापद, आणि मध्ये जे काही कोंबलंय त्याला कंस घालायचा. कंसातलं सोडून वाक्य एकदा वाचायचं: ‘द क्लेम हॅज बीन क्रिटिसाइज्ड.’ झालं, सांगाडा मिळाला. हे मी रोज एकाच परिच्छेदावर करायचे. सगळ्या लेखावर करायला गेलात तर आठवड्यात कंटाळून सोडून द्याल. साधारण दोन महिन्यांनी कंस पेन्सिलीशिवाय पडायला लागले.

आता शब्दसंग्रहाचं. पॉल नेशन या भाषाशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये मांडलेला हिशेब असा की पुस्तक किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय आरामात वाचायचं तर त्यातले सुमारे 98 टक्के शब्द आधीच ओळखीचे हवेत, आणि त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुळं माहीत असावी लागतात. शब्दकुळ म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यापासून निघालेली रूपं. 98 टक्के म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. मी माझं दुमजली पान मोजलं. साधारण चारशे शब्द, त्यांतल्या त्रेचाळीस शब्दांवर पेन्सिल. म्हणजे दर नऊ-दहा शब्दांमागे एक खड्डा. ‘संदर्भावरून अर्थ लावा’ हा सल्ला मला दर आठवड्याला मिळत होता, पण इतक्या खड्ड्यांत संदर्भच उरत नाही.

आठ हजारांचा आकडा ऐकून मला घाम फुटला होता, तुम्ही घाबरू नका. सगळे शब्द सारखे कामाचे नसतात. मायकेल वेस्ट यांनी 1953 मध्ये रोजच्या वापरातल्या सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली होती. पुढे 2000 मध्ये अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी विद्यापीठीय लिखाण तपासून, त्या दोन हजारांच्या पलीकडच्या 570 शब्दकुळांची यादी केली. कुठल्याही शाखेचा लेख उचला, त्यातला साधारण दहावा हिस्सा याच शब्दांचा असतो. ‘अझ्यूम’, ‘डिराइव्ह’, ‘कन्सिस्टंट’, ‘सब्सिक्वंट’ हे त्यातलेच. विषयातल्या पारिभाषिक शब्दांची मला कधी फार भीती वाटली नाही, कारण ते वर्गात समजावतात, पुस्तकात त्यांच्या व्याख्या असतात. या मधल्या शब्दांना मात्र कुणी वाली नसतो. शिक्षकांना वाटतं ते शाळेत झाले, आणि शाळेत ते कधी भेटलेलेच नसतात. ही यादी इंटरनेटवर मिळते. पण वरून खाली घोकू नका, मी ते करून फसले आहे. वाचताना त्यातला शब्द भेटला की तो ज्या वाक्यात भेटला त्या अख्ख्या वाक्यासकट वहीत उतरवा.

डिक्शनरी कुठली, हा पुढचा प्रश्न. इंग्रजी-इंग्रजी कोश म्हटला की माझ्या पोटात गोळा यायचा. एक अर्थ बघायला जावं तर तिथे तीन नवे शब्द उभे. शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम केलेले कोश वेगळे असतात, हे मला खूप उशिरा कळलं. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला कोश 1942 मध्ये तिथेच निघाला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने छापला. आपण ज्यांना लर्नर्स डिक्शनरी म्हणतो, त्यांतल्या बऱ्याच जणींचं कूळ तिथवर जातं. 1978 च्या लाँगमनच्या कोशात तर सगळ्या व्याख्या जवळपास दोन हजार सोप्या शब्दांतच दिल्या होत्या. अशा कोशात शब्द कुठल्या शब्दयोगी अव्ययाबरोबर येतो, मोजता येतो की नाही, हेही दिलेलं असतं. ‘अकाउंट’ हा बँकेतला वेगळा आणि ‘अकाउंट फॉर’ म्हणजे एखाद्या गोष्टीचं कारण देणं वेगळं, हे मला तिथे सापडलं. मराठी अर्थाचा कोश टाकून देऊ नका, तो खात्रीसाठी लागतोच.

भाषांतराच्या अ‍ॅपबद्दल विचाराल तर मी ते वापरलं, अजूनही वापरते, पण आधी स्वतः वाचून झाल्यावर. एका सत्रात मी लेखच्या लेख त्यात घालून मराठीत वाचले. कळल्यासारखं वाटायचं. वर्गात कुणी ‘पान सातवरचा दुसरा परिच्छेद’ म्हटलं की मूळ पान मला तिऱ्हाइतासारखं दिसायचं.

लेख पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत वाचायचा असतो, हीसुद्धा शाळेतली सवय. मी आता आधी सारांश वाचते, मग प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद, मग निष्कर्ष, आणि त्यानंतर गरज असेल तर मधलं. जॉन स्वेल्स यांनी 1990 मध्ये शोधनिबंधांच्या प्रस्तावनांचा साचा उलगडून दाखवला: आधी विषय महत्त्वाचा आहे हे सांगायचं, मग त्यात कुठली जागा रिकामी आहे ते दाखवायचं, मग आपण ती कशी भरणार ते. हे वाचलं आणि मला माझं सेमिनार आठवलं. ‘फ्यू स्टडीज’ हे ती रिकामी जागा दाखवणारं वाक्य होतं. अख्ख्या लेखाची खुंटीच ती, आणि मी नेमकी तीच उपटली होती. आता प्रस्तावनेत ‘हाउएव्हर’, ‘फ्यू’, ‘लिटल’ दिसले की मी वेग कमी करते.

वेगाचं एक सांगते, कारण त्यावरून मी रडले आहे. इंग्रजी ज्यांची रोजची भाषा आहे असे प्रौढ वाचक माहितीपर मजकूर मिनिटाला सरासरी 238 शब्दांच्या वेगाने वाचतात, असं मार्क ब्रिसबार्ट यांनी 2019 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलं. मी घड्याळ लावून मोजलं तेव्हा माझे सत्तर भरले. अवघड लेख वाचून हा वेग वाढला नाही. वाढला तो सोप्या शब्दांत लिहिलेल्या छोट्या गोष्टींच्या पुस्तकांनी, ज्यांची मला आधी लाज वाटायची. मी त्यांना वर्तमानपत्राचं कव्हर घालायचे. नियम एकच, डिक्शनरी उघडायची नाही. पानावर दोन-तीनपेक्षा जास्त शब्द अडले तर पुस्तक परत करून आणखी सोपं आणायचं.

कानांचाही थोडा विचार करा. नुसत्या डोळ्यांनी शिकलेले शब्द ऐकताना ओळखू येत नाहीत. मी ‘डिटरमाइन’ वाचायचे, सर ‘डिटर्मिन’ म्हणायचे आणि मला तो नवाच शब्द वाटायचा. ‘ऑलबीइट’ला तर मी वर्षभर मनातल्या मनात ‘अल्बाइट’ म्हणत होते. मोबाइलवरच्या डिक्शनरीत स्पीकरचं चिन्ह असतं, ते दाबायला दोन सेकंद लागतात.

अजूनही अडतं. मागच्या सत्रात माझ्या एका असाइनमेंटच्या खाली शेरा आला, ‘क्वाइट गुड’. मी दोन दिवस खुशीत होते. मग एका मैत्रिणीने सांगितलं की ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत त्याचा अर्थ बऱ्याचदा ‘ठीक आहे, चालेल’ एवढाच असतो. अमेरिकन वळणाचा असेल तर मात्र कौतुक. सर शिकले कुठे, हे मी अजून विचारलेलं नाही. ‘क्वाइट’ मात्र चोरांच्या यादीत गेला.