लाकडाच्या शेगडीसाठी सीलंट निवडताना

शेगडी पूर्ण थंड झाल्यावर सांध्यांमधले जुने सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा मसाला, खरवडा आणि काजळी, गंज तारेच्या ब्रशने घासून काढा. दाराची दोरी, म्हणजे दार घट्ट बसावे म्हणून कडेने लावलेली उष्णता सोसणारी दोरी, फार जुनी असेल तर मात्र खरवडू नका. पूर्वी तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस असायचे, त्या खनिजाची धूळ फुप्फुसांना घातक असते. आधी तपासून घ्या.

आता निवड. सीलंटच्या नळीवर ‘उष्णतारोधक’ लिहिलेले असणे पुरेसे नाही. लाल सिलिकॉन सतत सुमारे २५० अंश सेल्सिअस सोसते, थोडा वेळ ३००च्या आसपास. धुराडे छपरातून बाहेर पडते तिथे पाणी अडवायला ते ठीक. शेगडीला किंवा धूरनळीच्या सांध्याला ते लावू नका, कोणी कितीही खात्री देवो. फटी भरायचा फवाऱ्याचा फोम तर घराबाहेरच ठेवा, तो पेट घेतो.

आगीजवळच्या सांध्यांना फायर सिमेंट, म्हणजे वाळून कडक होणारा उष्णतारोधक लेप. ते हजार अंशांवर टिकते, म्हणून मला वाटायचे की ते कुठेही चालेल. ओतीव लोखंडाच्या दोन पत्र्यांमधली रुंद फट मी त्यानेच ठासून भरली आणि त्याच संध्याकाळी मोठा जाळ केला. आतल्या पाण्याची वाफ झाली, सिमेंट फुगले, पोकळ झाले. दुसऱ्यांदा नीट वाळवले, तरी काही दिवसांत तडा गेला. तेव्हा कळले की माझी चूक तापमानात नव्हती. लोखंड तापले की पसरते, निवले की आकसते, आणि फायर सिमेंटला लवचीकपणा अजिबात नसतो.

म्हणून आधी विचारा, सांधा हलतो का? हलत नसेल आणि फट बारीक असेल तर फायर सिमेंटचा पातळ थर द्या. रुंद फटीत आधी फायबरग्लासची दोरी दाबून बसवा, सिमेंट फक्त वरून. दार आणि काच यांना दोरीच, तिच्याच गोंदाने चिकटवलेली. शेगडीच्या अंगालाच आरपार तडा असेल तर कुठलेच सीलंट नको, तो भाग बदला.

डब्यावर सांगितलेला वेळ वाळू द्या. मग पहिले दोन-तीन जाळ अगदी लहान, प्रत्येक वेळी शेगडी पूर्ण निवू देऊन. इथे घाई केलीत तर सगळे पुन्हा खरवडावे लागेल.

शेवटी दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटली तर दोरी पातळ आहे किंवा कडी सैल आहे. फटीतून खोलीत येऊ शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नसतो, वास नसतो, त्यामुळे पहिला जाळ पेटवण्याआधी त्याचा अलार्म खोलीत लावलेला हवा.