वीजबिल कमी करायचंय? उकाड्यात बसू नका, या चुका टाळा

एप्रिल-मेचं बिल आलं की घरात पहिली गदा येते ती दिव्यांवर. मुलांना ओरडा बसतो, देवघरातला बल्बही विझवला जातो. पण नऊ वॅटचा एलईडी रोज सहा तास लागला तरी महिन्याला दोन युनिटंसुद्धा होत नाहीत. दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर पूर्ण जोरात असताना तेवढी वीज एक-दोन तासांत घेतो. ज्या उपकरणाला काहीतरी तापवायचं किंवा गार करायचं असतं, तिथेच खरी युनिटं जातात. काटकसर तिथे केली तर घरातल्या कुणाला घामाघूम व्हावं लागत नाही.

एक गैरसमज आधी दूर करू. शंभर युनिटं ओलांडली की सगळीच युनिटं महाग होतात, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. महावितरणचे घरगुती टप्पे 100, 300 आणि 500 युनिटांवर बदलतात, आणि वाढीव दर त्या-त्या टप्प्यातल्या युनिटांनाच लागतो. म्हणजे महिन्याला 320 युनिटं वापरणाऱ्याने वीस वाचवली, तर ती त्याच्या बिलातल्या सर्वांत महागड्या दराची वाचतात. थोडी बचतही बिलात दिसते ती यामुळेच.

कूलर लावून खिडक्या बंद करणे

विदर्भात आणि खानदेशात ही चूक घरोघरी होते. कूलर हवेत ओलावा मिसळून ती गार करतो, त्यामुळे त्याला सतत बाहेरची कोरडी हवा लागते. एसीच्या सवयीने दारं-खिडक्या लावून घेतल्या की आतली हवा दमट होते, अंग चिकचिकतं आणि मग ‘कूलर आता काम करत नाही’ म्हणून एसीची चौकशी सुरू होते. कूलर खिडकीत किंवा खिडकीबाहेर बसवा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाची खिडकी वीतभर उघडी ठेवा. खोलीच्या मधोमध ठेवलेला कूलर तीच ओली हवा फिरवत राहतो.

बोअरचं पाणी जड असेल तर ताट्यांवर, म्हणजे कूलरच्या बाजूंच्या ओल्या जाळ्यांवर, क्षारांचा थर बसतो आणि हवा नीट आत येत नाही. दर उन्हाळ्याआधी ताट्या बदला, टाकीतलं पाणी अधूनमधून पूर्ण काढून टाका. पावसाळा लागला की पंप बंद ठेवून फक्त पंखा चालवा. कोकण, मुंबई आणि गोव्यातल्या दमट हवेत मात्र कूलर घेऊच नये, तिथे पैसे वाया जातात.

आणि हे कृपा करून घरातल्या प्रत्येकाला सांगा: पाणी भरताना कूलरचा प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. लोखंडी बॉडीच्या कूलरला अर्थिंग हवंच. दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात.

एसी 18 वर लावला की लवकर गार होतं, हा समज

साध्या एसीचा कॉम्प्रेसर 18 असो वा 26, एकाच जोराने चालतो. आकडा कमी केल्याने खोली लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर फक्त जास्त वेळ चालत राहतो. इन्व्हर्टर एसीही सुरुवातीला आपणहून जोर लावतो. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने तापमान एक अंशाने वाढवलं की साधारण 6 टक्के वीज वाचते. एसी 26 वर आणि सोबत पंखा मंद, एवढ्यात बहुतेकांना छान झोप लागते. जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा, मोसमात तरी नक्की.

त्याआधी ऊन अडवा. आतला पडदा काचेतून आलेली उष्णता घरातच ठेवतो. बांबूची चीक (पट्ट्यांचा पडदा) खिडकीच्या बाहेरून लावली तर ऊन काचेपर्यंत पोचत नाही. वरच्या मजल्यावर राहत असाल तर गच्चीला चुना किंवा पांढरा उष्णतारोधक रंग द्या. कोरड्या हवेच्या गावांत दिवसा खिडक्या लावून घ्या आणि रात्री सताड उघडा.

पंखा हवा गार करत नाही, माणसाला गार करतो. रिकाम्या खोलीत तो फिरवून काहीच मिळत नाही. जुना पंखा 75 वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी पंखा (कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) साधारण 30. रोज पंधरा तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला वीसेक युनिटं वाचतात. सगळे एकदम बदलू नका, झोपायच्या खोलीतला आधी बदला.

गीझर दिवसभर चालू ठेवू नका, थर्मोस्टॅट 50-55 वर ठेवा. फ्रिजच्या मागे हवा खेळायला जागा हवी. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढून पाहा, सहज निघाला तर रबर बदला. आणि प्लगमध्ये लावायचं ‘पॉवर सेव्हर’ यंत्र घेऊ नका. आत बहुधा कपॅसिटर असतो. घरगुती बिल प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटांचं येतं, त्यावर त्याचा परिणाम होत नाही.

तरीही बिल अचानक वाढलं तर

आधी बिलावरचं चालू रीडिंग मीटरशी ताडून पाहा. मागची बिलं सरासरीने आली असतील तर सगळा फरक एकाच महिन्यात येऊ शकतो. रीडिंग बरोबर असेल तर घरातला मेन स्विच बंद करा आणि मीटरवरचा लाल दिवा काही मिनिटं पाहा. तो लुकलुकत राहिला तर वीज मीटर आणि मेन स्विचच्या मध्ये कुठेतरी जातेय: एखादी चुकीची जोडणी किंवा दुसऱ्याची वायर. थांबला तर घरातली सगळी उपकरणं आणि सगळे एमसीबी (बोर्डावरचे छोटे सुरक्षा-स्विच) बंद करून मेन लावा आणि एकेक एमसीबी चालू करत जा. दिवा ज्या एमसीबीला पुन्हा लुकलुकू लागेल, त्या बाजूची वायरिंग इलेक्ट्रिशियनला दाखवा. ती ठीक निघाली तर मीटर तपासणीचा अर्ज द्या आणि रोज एकाच वेळी काढलेले रीडिंगचे फोटो त्याला जोडा.