ब्राझीलच्या २०२२ सालाची घटना-निधन सूची कशी करावी

वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी एखाद्या परदेशाच्या एका वर्षाची सूची करायची असेल, तर गोव्यातल्या माणसाने खुशाल ब्राझील निवडावा; पोर्तुगीज वाचणारे एखादे आजोबा अजूनही शेजारीपाजारी भेटतात, आणि विश्वचषकाच्या दिवसांत पिवळे-हिरवे झेंडे लावणारा वाचकही येथे आयताच मिळतो. नमुन्यादाखल २०२२ हे साल घेऊ.

वहीचे दोन भाग करावेत, एक घटनांचा आणि एक निधनांचा. घटनांचे काम सोपे. ७ सप्टेंबरला स्वातंत्र्याची द्विशताब्दी झाली. २ आणि ३० ऑक्टोबरला निवडणुकीच्या दोन फेऱ्या झाल्या, आणि दुसऱ्या फेरीत लुला दा सिल्वा यांनी जाईर बोल्सोनारो यांना ५०.९० विरुद्ध ४९.१० टक्के मतांनी हरवले. त्यांचा शपथविधी १ जानेवारी २०२३ चा असल्याने तो या वहीत घेऊ नये. १५ फेब्रुवारीच्या पेट्रोपोलिसमधील दरडींची नोंद करताना पहिल्या दिवसाच्या बातमीतला मृतांचा आकडा उतरवू नये; तो पुढे २३० च्या वर गेला.

खरी कसोटी निधनांच्या भागात लागते. पेले साओ पाउलो येथे २९ डिसेंबरला दुपारी ३ वाजून २७ मिनिटांनी वारले. आपले घड्याळ तेथून साडेआठ तास पुढे, म्हणजे त्या वेळी येथे रात्रीचे ११ वाजून ५७ मिनिटे झाली होती. साहजिकच आपल्याकडे बातमी पोहोचेपर्यंत तारीख उलटली, आणि भारतीय कात्रणांवर विसंबणारा माणूस बेधडक ३० डिसेंबर लिहून मोकळा होतो. तारीख नेहमी घटनास्थळाचीच धरावी. पोर्तुगीज बातमीत तारखेऐवजी नुसता वार असेल, तर आणखी सावध राहावे: ‘किंता-फैरा’ म्हणजे शब्दशः पाचवा दिवस, पण मोजणी रविवारपासून असल्याने तो गुरुवार होतो, शुक्रवार नव्हे. २९ डिसेंबर हा गुरुवारच होता.

वयही पडताळावे. लेखिका लिजिया फागुंदेस तेलेस ३ एप्रिलला गेल्या, तेव्हा बातम्यांत वय ९८ छापले गेले. पुढे जन्माची नोंद १९१८ ची निघाली आणि वय १०३ ठरले. जन्मसाल दोन ठिकाणी जुळल्याशिवाय वयाचा रकाना भरू नये, तोवर पेन्सिलीने लिहावे.

नोंद लोकांच्या तोंडी असलेल्या नावाने करून खरे नाव पुढे द्यावे: ‘पेले, एद्सोन आरांतेस दो नासिमेंतो, फुटबॉलपटू, ८२’. गायिका गाल कोस्ता (९ नोव्हेंबर) यांचीही नोंद याच रीतीने करावी. २० जानेवारीला वारलेल्या गायिका एल्झा सोआरेस यांच्या नोंदीत मात्र एक ओळ अधिक खर्चावी, कारण त्यांचे एके काळचे पती, फुटबॉलपटू गारिंचा, १९८३ मध्ये याच तारखेला गेले होते.

पेले यांचा दफनविधी ३ जानेवारी २०२३ ला सांतोस येथे झाला. तो त्यांच्या नोंदीतच कंसात टाकावा. पुढच्या सालच्या वहीत त्यांचे नाव पुन्हा चढवू नये.