पाणी साचल्यावर झुडपं वाचवायचीत? मग या चुका टाळा

दर पावसाळ्यात हाच फोन येतो: "जास्वंदीनं माना टाकल्यात, रोज पाणी घालतोय तरी." अहो, रोज घालताय म्हणूनच.

मातीच्या बारीक पोकळ्यांत हवा असते आणि मुळं त्या हवेवर श्वास घेतात. पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळं गुदमरतात, आणि गुदमरलेल्या मुळांना पाणी वर ओढता येत नाही. म्हणून चिखलात उभं असलेलं झाड तहानल्यासारखं दिसतं. लोक पानं बघतात आणि बादली उचलतात. आधी बुंध्याजवळ मातीत बोट खुपसा. दोन पेरांपर्यंत ओल लागली तर पाणी नाही, मग पानं कितीही सुकलेली दिसोत.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीला आमच्या अंगणात सहा दिवस पाणी होतं. आमची आणि शेजारच्या काकूंची जास्वंद एकाच झाडाच्या फांद्यांपासून लावलेली, पूर ओसरला तेव्हा दोन्ही सारख्याच मलूल. काकूंचा झाडावर फार जीव. त्या सकाळ-संध्याकाळ तांब्या घेऊन उभ्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी बोलावलं तेव्हा झाड हातानं हलवलं तरी डुलत होतं. उपटून पाहिलं: मुळं काळी पडलेली, नासक्या अंड्यासारखा वास, आणि बोटांत धरताच मुळाची साल मोज्यासारखी निघून आली. आत दोऱ्याएवढा गाभा उरला होता. काकू रडल्या. मलाही फार वाईट वाटलं, कारण मी दोनदा सांगितलं होतं, तिसऱ्यांदा हट्टानं सांगायला हवं होतं.

आमच्या जास्वंदीला मी फारसं काही केलं नाही. बुंध्याभोवती दोन-तीन इंच गाळ बसला होता. तो वाळला की पापुद्रा धरतो आणि खाली हवा जाऊ देत नाही, म्हणून खुरप्यानं हलकेच जुन्या मातीपर्यंत काढला. अंगणाच्या उताराकडे वीतभर खोल चर काढला. सगळी पानं गळली. घरचे म्हणाले, काढून टाक. मी दर रविवारी नखानं साल जराशी खरवडून बघायची: आत ओली हिरवी कड दिसली की झाड जिवंत. पाचव्या आठवड्यात बुंध्यापासून हातभर वर तीन कोंब फुटले. तोवर मेलेल्या काड्यांखेरीज कशालाही कात्री लावली नव्हती.

दुसरी चूक खताची, आणि तिचा मला खरोखर राग येतो. झाड आजारी दिसलं की मूठभर युरिया, नाहीतर डीएपी. त्या खताचे क्षार दुखावलेल्या मुळांना भाजतात. शेणखतसुद्धा तेव्हा नको, ओल्या मातीत ते कुजताना उरलीसुरली हवाही खातं. नवी पानं पूर्ण उघडल्यावर थोडं गांडूळखत द्या. ट्रायकोडर्मा, म्हणजे मूळ सडवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, मी वापरते, पण पाऊस सुरू व्हायच्या आधी, कारण सडलेलं मूळ त्यानं परत येत नाही.

ओल्या काळ्या मातीत पाय देऊ नका, ती दबून विटेसारखी होते. कुंडीखालची ताटली जूनमध्येच काढा. काळ्या मातीत दोन घमेली वाळू मिसळून निचरा होत नाही. आणि त्याच मातीत खड्डा काढून पोयट्याची भुसभुशीत माती भरली की तयार होतो तो हौद, चहूबाजूंचं पाणी त्यातच मुरतं. गुलाब, अनंत लावायचेच असतील तर जमिनीपासून फूटभर उंच गादीवाफ्यावर लावा.

झाड सावरलं असं वाटतं तेव्हा ऑक्टोबरचं ऊन येतं. मुळं निम्मीच उरलेली असतात, त्यामुळे दुपारी पानं पुन्हा लोंबतात. संध्याकाळी आपोआप उठली तर पाणी घालू नका. सकाळीही लोंबलेलीच दिसली आणि बोटाला माती कोरडी लागली, तर तांब्याभर पाणी घाला, आणि दुपारपुरता जुन्या साडीचा आडोसा करा.