कुंपणाच्या भिंतीवर पळस, पावशा आणि सुगरण

कुंपणाच्या भिंतीवर मुलांसह सगळ्यांनी मिळून आशेचं चित्र रंगवायचं असेल, तर ते कसं करायचं ते इथे आहे. हा हिशेब वीस बाय आठ फुटांच्या भिंतीचा आहे. मालकाची लेखी परवानगी घ्या आणि काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करा.

आधी ओल तपासा. दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून रात्रभर चिकटवा. सकाळी आतून थेंब दिसले तर थांबा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात पोपडे निघतील. बहुतेकदा पाणी वरच्या भेगांतून मुरतं, म्हणून त्या आधी बुजवा. लोणा, म्हणजे भिंतीवर येणारे पांढरे क्षार, तारेच्या ब्रशने कोरडाच घासा. पाण्याने धुतला तर क्षार पुन्हा आत जिरतात. नव्या गिलाव्याला किमान 28 दिवस द्या. मग 2 लिटर एक्स्टिरिअर प्रायमरचा एक हात आणि 4 लिटर पांढऱ्या इमल्शनचे दोन हात.

चित्रात आशा दाखवायची म्हणून उगवता सूर्य नको. डावीकडे निष्पर्ण, फुललेला पळस घ्या, मधे ‘पेरते व्हा’ ओरडणारा पावशा, उजवीकडे पावसात सुगरणीचं अर्धं विणलेलं घरटं. नर ते अर्ध्यावर आणून मादीच्या पसंतीची वाट पाहतो. आशा म्हणतात ती हीच. गुलमोहर मात्र मादागास्करचा, इथला नाही, तो गाळा.

पळसाची पाकळी बाकदार, देठाशी काळपट मखमली पेला. पावशाची पाठ राखाडी, शेपटीवर पट्टे, डोळ्याभोवती पिवळी कड. चोच आकड्यासारखी वाकवलीत की त्याचा शिक्रा, म्हणजे शिकारी पक्षी होतो!

कागदावर 20 बाय 8 सेंमीचं चित्र काढून सेंटीमीटरचे चौकोन पाडा. भिंतीवर तेच एकेक फुटाचे, खडूने. कोळसा नको, पिवळा रंग मळतो.

पळसाचा केशरी दुकानातून मशीनवर तयार करून आणा. पांढऱ्यात स्टेनर (रंगछटेसाठी मिसळायचा घट्ट रंग) ओतत राहिलं तर केशरी फिकाच राहतो, आणि लिटरला 50 मिलिच्या वर स्टेनर गेला की रंग नीट वाळत नाही, हाताला लागतो.

एका वेळी आठ-दहा जणच. चौकोनांत रंगांचे क्रमांक लिहा. खालचे चार फूट, म्हणजे गवत आणि खोड, मुलांना. चोची आणि डोळे सरावलेल्या हाताला, शेवटी. भिंत तापलेली असताना रंगवू नका, ब्रशचे ओरखडे राहतात. तळाचा अर्धा फूट गडद तपकिरी ठेवा, तिथे चिखल उडतोच. उरलेले रंग नावं लिहून घट्ट झाकणाच्या बरण्यांत ठेवा. पावसाळ्यानंतर डागडुजीला लागतील.